मुलांचा फुटबॉल, मोठ्यांची जबाबदारी : स्वयंसेवी प्रशिक्षक आणि पालकांनी काय जाणून घ्यावे

मुंबई : सुटीच्या दिवशी सकाळी कोणत्याही शहरातील मैदानावर दिसणारे हे दृश्य. आठ वर्षांच्या मुलाच्या पायाशी चेंडू आला आहे. एका बाजूने प्रशिक्षक ‘पास दे’ म्हणून ओरडत आहेत, दुसऱ्या बाजूने वडील ‘गोलकडे मार’ असे सांगत आहेत आणि आणखी कोणी तरी ‘पळ, पळ’ अशी सूचना करीत आहे. मुलगा क्षणभर थांबतो, रेषेबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या माणसांकडे पाहतो आणि तेवढ्यात प्रतिस्पर्धी चेंडू घेऊन निघून जातो. त्यानंतर ऐकू येतात ते सुस्कारे.

यात कोणाचाही हेतू वाईट नसतो. प्रशिक्षक बहुधा कोणताही मोबदला न घेता स्वतःची सुटी मैदानावर घालवीत असतात आणि पालक कौतुकापोटीच आलेले असतात. तरीही मूल पुढच्या हंगामात मैदानावर परतेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा प्रसंगांवरून ठरत असते. हौसेने खेळणाऱ्या मुलांपैकी फार थोडी व्यावसायिक फुटबॉलपटू होतात. उरलेल्या सर्वांसाठी या खेळाचा लाभ म्हणजे सुदृढ शरीर, मित्र, हार पचविण्याची सवय आणि खेळाविषयीची आयुष्यभराची गोडी. हा लाभ मिळावा आणि मूल सुखरूप घरी परतावे, यासाठी मोठ्यांनी काय करावे आणि काय टाळावे, याचा हा आढावा.

स्वयंसेवकांच्या बळावर चालणारा खेळ

लहान मुलांचा फुटबॉल जगभर प्रामुख्याने स्वयंसेवकांच्या बळावर चालतो. अमेरिकेत १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथे ‘अमेरिकन यूथ सॉकर ऑर्गनायझेशन’ या संस्थेची स्थापना झाली. तेथील प्रशिक्षक, पंच आणि व्यवस्थापक हे बहुतांशी खेळणाऱ्या मुलांचे आई-वडीलच असतात. प्रत्येक मुलाने खेळलेच पाहिजे, हे या संस्थेचे पहिले तत्त्व असून प्रत्येक सामन्यात प्रत्येक खेळाडूला किमान अर्धा वेळ मैदानावर मिळावा, असा तिचा नियम आहे. संघांची ताकद शक्यतो समान राहावी म्हणून खेळाडूंची वाटणी दर हंगामात नव्याने करण्यावरही तिचा भर असतो.

भारतातही अशी परंपरा आहे. कोल्हापुरात पेठापेठांतील तालीम मंडळांनी फुटबॉल वाढविला आणि शाहू स्टेडियमवरील सामन्यांना आजही मोठी गर्दी होते. याच शहरातील अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील मुलांच्या विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघाकडून खेळला. नागपुरात निवृत्त प्राध्यापक विजय बारसे यांनी २००१ मध्ये वस्तीतील मुलांसाठी सुरू केलेला उपक्रम ‘स्लम सॉकर’ या नावाने देशभर परिचित झाला. २०१७ च्या स्पर्धेच्या निमित्ताने ‘मिशन इलेव्हन मिलियन’ या मोहिमेतून एक कोटी दहा लाख मुलांपर्यंत फुटबॉल पोहोचविण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. पुढे २०१८ पासून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने बारा-तेरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी ‘गोल्डन बेबी लीग’ ही योजना राबविली. अशा लीग प्रत्यक्षात चालवितात ते स्थानिक क्लब, शाळा आणि उत्साही पालक. त्यामुळे या मंडळींची तयारी हा केवळ हौसेचा विषय राहत नाही.

छोटे मैदान, कमी खेळाडू

नव्या स्वयंसेवकाची पहिली चूक बहुधा मैदानाच्या आकाराबाबत होते. दूरचित्रवाणीवर पाहिलेला अकरा-अकरा जणांचा सामना सात-आठ वर्षांच्या मुलांवर लादला जातो. प्रौढांच्या मैदानाची लांबी किमान ९० मीटर असते. गोलची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते. म्हणजे आठ वर्षांच्या गोलरक्षकाच्या डोक्यावर जवळजवळ त्याच्या उंचीएवढीच जागा मोकळी राहते. डोक्यावरून गेलेल्या चेंडूसाठी त्याला दोष देणे हा अन्याय आहे.

कमी खेळाडूंच्या सामन्यामागील हिशेब सोपा आहे. बावीस मुलांत एक चेंडू असेल तर बहुतेकांचा वेळ तो पाहण्यात जातो. आठ मुलांत एक चेंडू असेल तर प्रत्येकाच्या पायाशी तो पुन्हा पुन्हा येतो. चेंडू ताब्यात घेणे, अडविणे, वळविणे आणि निर्णय घेणे या गोष्टी वारंवार केल्यानेच अंगवळणी पडतात. म्हणूनच अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१७ पासून लहान गटांसाठी छोटे सामने बंधनकारक केले. आठ वर्षांखालील गटांत चार विरुद्ध चार आणि तेही गोलरक्षकाविना, नऊ व दहा वर्षांखालील गटांत सात विरुद्ध सात, तर अकरा व बारा वर्षांखालील गटांत नऊ विरुद्ध नऊ, अशी ती रचना आहे. अकरा जणांचा संघ तेराव्या वर्षाच्या गटापासून येतो.

चेंडूही वयानुसार बदलतो. आठ वर्षांपर्यंत तीन क्रमांकाचा, नऊ ते बारा वर्षांसाठी चार क्रमांकाचा आणि त्यानंतर पाच क्रमांकाचा चेंडू, ही सर्वसाधारण पद्धत आहे. मोठा, पाणी शोषून जड झालेला किंवा प्रमाणाबाहेर हवा भरलेला चेंडू लहान पायांना इजा करू शकतो. ज्या वस्तीत पुरेशी जागा नाही, तेथे ही पद्धत अडचणीची नव्हे, तर सोयीचीच ठरते. बास्केटबॉलच्या मैदानाएवढ्या जागेत चार-चार मुलांचा उत्तम सामना होऊ शकतो.

सरावाचा एक तास

लहान मुलांच्या सरावात तीन गोष्टी टाळाव्यात, असे अनुभवी प्रशिक्षक सांगतात : लांब रांगा, मैदानाच्या फेऱ्या आणि व्याख्याने. बारा मुले एका रांगेत उभी करून एकेकाला चेंडू मारू दिला, तर प्रत्येक मूल तासातील बहुतांश वेळ केवळ वाट पाहत राहते. कंटाळलेली मुले मग एकमेकांना ढकलू लागतात आणि बेशिस्तीचा ठपका त्यांच्यावर येतो. दोष मात्र सरावाच्या मांडणीचा असतो.

आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी एका तासाची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल. पहिली दहा मिनिटे जी मुले येतील त्यांनी दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत खेळायला लागावे. सगळे जमेपर्यंत कोणालाही थांबवून ठेवू नये. पुढची पंधरा मिनिटे शरीर तयार करणाऱ्या हालचालींना द्यावीत. त्यानंतर पंधरा मिनिटे एकाच कौशल्यावर आधारलेला खेळ घ्यावा. उदाहरणार्थ, चौकटीत प्रत्येकाजवळ आपापला चेंडू आणि दोन मुलांनी ते चेंडू बाहेर घालवायचे. या खेळात चेंडू राखणे, मान वर ठेवणे आणि दिशा बदलणे या तिन्ही गोष्टी मुलांच्या नकळत शिकविल्या जातात. शेवटची वीस मिनिटे प्रत्यक्ष सामन्याला राखून ठेवावीत. मुले त्यासाठीच आलेली असतात, त्यामुळे शिक्षा म्हणून सामना रद्द करू नये.

शरीर तयार करण्याच्या भागाकडे बहुतेकदा दुर्लक्ष होते. आंतरराष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या म्हणजे फिफाच्या पाठबळाने मुलांसाठी ‘इलेव्हन प्लस किड्स’ हा व्यायामक्रम तयार करण्यात आला आहे. एका पायावर तोल सांभाळणे, उडी मारून गुडघे वाकवून उतरणे, न दुखावता पडणे अशा सात व्यायामांचा त्यात समावेश असून त्यासाठी पंधरा ते वीस मिनिटे लागतात. स्वित्झर्लंड, जर्मनी, नेदरलँड्स आणि चेक प्रजासत्ताक या चार देशांतील मुलांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हा व्यायामक्रम करणाऱ्या संघांतील दुखापती सुमारे निम्म्याने कमी असल्याचे आढळले. त्यासाठी कोणतेही महागडे साहित्य लागत नाही. लागते ते केवळ सातत्य.

सूचना देतानाही संयम हवा. खेळ चालू असताना चेंडू असलेल्या मुलाला काय करायचे ते सांगू नये. चेंडू गेल्यावर किंवा खेळ थांबल्यावर त्याला प्रश्न विचारावा : तुला तेथे कोण मोकळे दिसले, दुसरे काय करता आले असते? उत्तर चुकले तरी विचार त्याचा असतो. एका सरावात एकच गोष्ट सुधारावी आणि चुकीबरोबरच जमलेल्या गोष्टीचाही नेमका उल्लेख करावा. ‘छान’ एवढेच म्हणण्यापेक्षा ‘चेंडू येण्याआधी तू मागे पाहिलेस, ते चांगले केलेस’ असे म्हटल्यास मुलाला नेमके काय टिकवायचे ते कळते.

सर्वांना संधी : गणित कठीण नाही

सर्वांना समान खेळवू की जिंकण्याचा प्रयत्न करू, हा पेच प्रत्येक स्वयंसेवी प्रशिक्षकासमोर येतो. हौशी आणि लहान वयोगटाच्या फुटबॉलमध्ये याचे उत्तर स्पष्ट असावे. जे मूल राखीव म्हणून बसून राहते, ते खेळ शिकत नाही. ते शिकते एवढेच की आपली येथे गरज नाही.

समान वाटणीचे वेळापत्रक आधीच कागदावर मांडता येते. समजा, सात-सात जणांचा चाळीस मिनिटांचा सामना आहे आणि संघात दहा मुले आहेत. सामन्याचे दहा मिनिटांचे चार भाग केले तर एकूण २८ जागा भरायच्या असतात. आठ मुले प्रत्येकी तीन भाग खेळतील आणि दोन मुले प्रत्येकी दोन भाग. म्हणजे सर्वांत कमी खेळणारे मूलही अर्धा सामना मैदानावर असेल. पुढच्या आठवड्यात कमी खेळणारी दोन मुले बदलली, तर पाच आठवड्यांत सर्वांचा हिशेब सारखा होतो. हे वेळापत्रक पालकांना आधी दाखविले की ‘माझ्या मुलाला का काढले’ हा वाद बहुधा उद्भवत नाही. गोलरक्षकाची जागाही या वयात आळीपाळीने द्यावी.

मुलांना आनंद नेमका कशात वाटतो, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी मुलांचा फुटबॉल आनंददायी करणाऱ्या ८१ गोष्टींची यादी खेळाडू, प्रशिक्षक आणि पालकांच्या मदतीने तयार केली. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मनापासून प्रयत्न करणे, खिलाडूवृत्ती आणि प्रशिक्षकाची चांगली वागणूक या गोष्टी यादीत वर होत्या, तर जिंकणे बरेच खाली होते. वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी बेसबॉल खेळणाऱ्या मुलांबाबत केलेला आणि १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याहून बोलका आहे. मुलांशी कसे बोलावे, याचे थोडे प्रशिक्षण घेतलेल्या प्रशिक्षकांच्या संघांतील पाच टक्के मुलांनी पुढच्या हंगामात खेळ सोडला, तर प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या संघांत हे प्रमाण २६ टक्के होते. दोन्ही गटांच्या हार-जितीत मात्र फारसा फरक नव्हता. खेळ वेगळा असला तरी बोध फुटबॉललाही लागू पडतो.

वयाचा प्रश्न : जानेवारीचा जन्म आणि खोटा दाखला

वयोगट ठरविताना सर्वसाधारणपणे १ जानेवारी ही तारीख धरली जाते. त्यामुळे एकाच गटात जानेवारीत जन्मलेले आणि डिसेंबरात जन्मलेले मूल एकत्र येते. दोघांत अकरा महिन्यांचे अंतर असू शकते. आठव्या वर्षी हे अंतर आयुष्याच्या दहाव्या भागाहून अधिक असते. थोराड मूल अधिक वेगवान दिसते, त्याची निवड होते, त्याला अधिक सराव मिळतो आणि मग ते खरोखरच पुढे जाते. निवड झालेल्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची संख्या जास्त असणे, ही जगभर वारंवार नोंदविली गेलेली बाब आहे. मैदानावर ‘गुणवत्ता’ म्हणून जे दिसते, त्यात काही भाग केवळ जन्मतारखेचा असतो. म्हणून लहान वयात ‘अ’ आणि ‘ब’ संघ अशी कायमची विभागणी टाळावी.

भारतात याच प्रश्नाची दुसरी, अधिक क्लेशदायक बाजू म्हणजे वयचोरी. वय कमी दाखविणारा जन्मदाखला सादर करून मोठ्या मुलाला लहान गटात खेळविण्याचे प्रकार येथे घडत आले आहेत. त्यामुळे वरच्या स्तरावर मनगटाच्या हाडांच्या तपासणीचा आधार घ्यावा लागतो. फिफानेही १७ वर्षांखालील स्पर्धेसाठी २००९ पासून मनगटाच्या एमआरआय चाचणीचा अवलंब केला. खोट्या दाखल्याने एका मुलाला स्पर्धा जिंकता येईलही, परंतु त्याच्यासमोर खेळणाऱ्या लहान मुलांना दुखापतीचा धोका वाढतो. शिवाय पुढे चाचणीत खरे वय उघड झाले तर नुकसान सर्वाधिक त्याच मुलाचे होते. हा निर्णय मूल घेत नसते, घरातील मोठी माणसे घेतात. स्वयंसेवी प्रशिक्षकाने अशा कागदपत्रांकडे काणाडोळा करू नये.

रेषेबाहेर कसे वागावे

इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २००८ मध्ये ‘रिस्पेक्ट’ ही मोहीम सुरू केली. मुलांच्या सामन्यांत पंच व खेळाडूंना ऐकावी लागणारी शेरेबाजी हे तिच्यामागील प्रमुख कारण होते. प्रेक्षकांसाठी मैदानापासून थोड्या अंतरावर वेगळी रेषा आखणे, हा त्या मोहिमेतील एक साधा उपाय. तो आपल्याकडेही चुन्याच्या एका पिशवीत करता येतो.

पालकांसाठीचे संकेत थोडक्यात असे सांगता येतील. प्रोत्साहन सर्वांना द्यावे, सूचना कोणालाही देऊ नयेत. प्रतिस्पर्धी संघाच्या चांगल्या खेळालाही टाळ्या द्याव्यात. पंचांच्या निर्णयावर भाष्य करू नये. मुलांच्या सामन्यांत पंच म्हणून बहुधा सोळा-सतरा वर्षांचा माजी खेळाडूच उभा असतो, हेही लक्षात ठेवावे. संघनिवडीबाबत तक्रार असल्यास ती सामन्याच्या दिवशी आणि मुलांसमोर बोलून दाखवू नये. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांशी स्वतंत्रपणे बोलावे.

सामन्यानंतर घरी परतण्याचा प्रवास हा विशेष नाजूक असतो. दुचाकीवर मागे बसलेले किंवा लोकल गाडीत शेजारी उभे असलेले मूल थकलेले असते आणि हरले असल्यास खिन्नही. त्या वेळी सामन्याची चिकित्सा सुरू केली तर त्याला घरीही परीक्षा चालू असल्यासारखे वाटते. ‘तुला खेळताना पाहून बरे वाटले’ हे एक वाक्य पुरेसे आहे. बाकीचे बोलणे मुलाने काढले तर आणि तेव्हाच करावे.

प्रशिक्षकाचेच मूल संघात असेल तर आणखी एक पथ्य पाळावे लागते. मैदानावर त्याला इतरांपेक्षा जास्त सवलत नको आणि जास्त रागही नको. मैदान सोडल्यावर मात्र प्रशिक्षकाने पुन्हा आई किंवा वडील व्हावे.

डोक्याला मार : शंका आली तरी बाहेर

या लेखातील एकच सूचना लक्षात ठेवायची असेल तर ती ही : डोक्याला मार बसल्याची आणि मेंदूला धक्का पोहोचल्याची शंका आली, तर मुलाला तत्काळ बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा मैदानावर उतरवू नये. बहुतेक वेळा अशा दुखापतीत शुद्ध हरपत नाही, त्यामुळे ‘तो तर उठून उभा राहिला’ हा निकष चुकीचा ठरतो. डोके दुखणे, चक्कर, मळमळ, अंधूक दिसणे, तोल जाणे, गोंधळून तोच प्रश्न पुन्हा विचारणे, विनाकारण रडू येणे किंवा नेहमीपेक्षा गप्प होणे, यांपैकी एकही लक्षण पुरेसे आहे.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा किंवा मुंग्या, मानेत तीव्र वेदना, वाढती गुंगी अशी चिन्हे दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. मानेला इजा झाल्याची शंका असेल तर मुलाला हलवू नये आणि ११२ क्रमांकावर मदत मागवावी. पुढचे एक-दोन दिवस मुलाला एकटे सोडू नये, हलकी विश्रांती द्यावी आणि मोबाइलचा वापर कमी ठेवावा. आधी शाळेतील दिनक्रम सुरळीत व्हावा, त्यानंतर टप्प्याटप्प्याने व्यायाम आणि डॉक्टरांच्या संमतीनंतरच सामना, असा क्रम ठेवावा. फिफाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने २०२४ मध्ये याच विषयावर जनजागृती मोहीम हाती घेतली आहे.

डोक्याने चेंडू मारण्याबाबतही धोरणे बदलत आहेत. अमेरिकेच्या महासंघाने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना असे करण्यास मनाई केली आणि अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांच्या सरावात त्यावर मर्यादा घातली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडच्या संघटनांनी २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयातील मुलांच्या सरावातून ते वगळण्याचे मार्गदर्शन केले. त्याआधी २०१९ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासात स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वसामान्यांच्या सुमारे साडेतीन पट आढळले होते. तो अभ्यास दीर्घकाळ खेळलेल्या व्यावसायिकांचा होता, त्यामुळे आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्या मुलाबाबत घबराटीचे कारण नाही. परंतु लहानपणी चेंडू जमिनीवर ठेवून खेळल्याने काहीही बिघडत नाही, उलट पायातील कौशल्य वाढते. म्हणून ही काळजी घेणे सोपे आहे.

ऊन, वीज आणि गोलखांब

भारतातील मैदानांवर उन्हाचा धोका मोठा आहे. उन्हाळ्यात सराव सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर ठेवावा. कृत्रिम गवताचे मैदान उन्हात हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते, हे विसरू नये. मुले खेळाच्या भरात पाणी मागत नाहीत, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी सर्वांनाच थांबवून पाणी द्यावे. पाणी पिण्यासाठी आणि शरीर थंड करण्यासाठी विश्रांतीची तरतूद खेळाच्या नियमांतही आहे. मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले किंवा अंग अतिशय तापले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी सावलीत नेऊन पाणी व बर्फाने शरीर थंड करणे लगेच सुरू करावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. थंड करण्यासाठी रुग्णालयात पोहोचण्याची वाट पाहू नये.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात विजेचा धोका असतो. मेघगर्जना ऐकू आली की मैदान रिकामे करावे, झाडाखाली किंवा लोखंडी खांबांजवळ थांबू नये, पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे उलटल्यावरच परतावे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप आपल्या परिसरातील विजेची पूर्वसूचना देते. संघासोबतच्या किमान एका व्यक्तीच्या मोबाइलमध्ये ते असावे.

हलविता येणारे लोखंडी गोलखांब उलटून मुले दगावल्याच्या घटना विविध देशांत घडल्या आहेत. ते जमिनीला घट्ट बांधलेले किंवा मागून पुरेसे वजन ठेवलेले आहेत, याची प्रत्येक वेळी हाताने हलवून खात्री करावी आणि आडव्या दांडीला कोणालाही लटकू देऊ नये. शिनगार्ड नियमानुसार अनिवार्य आहेत. अंगठी, साखळी, कडे, कानातले यांना बंदी आहे आणि कानातल्यावर चिकटपट्टी लावून खेळणेही नियमाला मान्य नाही.

मुलाची सुरक्षितता : विश्वासाबरोबर नियमही

मुले आणि प्रशिक्षक यांचे नाते विश्वासाचे असते. त्या विश्वासाचा गैरवापर होऊ नये यासाठी काही नियम सर्वांनाच लागू असावेत, मग प्रशिक्षक कितीही परिचयाचे असोत. सरावाच्या वेळी दोन प्रौढ व्यक्ती उपस्थित असाव्यात. मुलींच्या संघासोबत एक महिला असावी आणि कपडे बदलण्यासाठी व स्वच्छतागृहासाठी सुरक्षित जागेची व्यवस्था आधीच करावी. या किमान सोयींअभावी अनेक मुली मैदान सोडतात. एकट्या मुलाला गाडीतून नेणे किंवा बंद खोलीत बोलणे टाळावे. निरोप पालकांचा समावेश असलेल्या गटातच पाठवावेत. छायाचित्रे पालकांच्या संमतीविना समाजमाध्यमांवर टाकू नयेत. मारणे, शिव्या देणे, रंगरूपावरून वा जातीवरून चिडविणे याला ‘शिस्त’ म्हणता येत नाही.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ पासून अस्तित्वात आहे. त्याच्या कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याची माहिती किंवा घडण्याची आशंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे आणि सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. घडलेल्या गुन्ह्याची माहिती दडविणे हा मात्र कलम २१ नुसार दंडनीय अपराध आहे. त्यामुळे ‘क्लबची बदनामी नको’ म्हणून प्रकरण आपसात मिटविणे कायद्याला मान्य नाही. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी देशभर विनामूल्य उपलब्ध असून तो क्रमांक मुलांना पाठ असावा.

हंगामाआधीची एक बैठक

या सर्व गोष्टी एका दिवसात साधत नाहीत. परंतु हंगाम सुरू होण्यापूर्वी पालकांची अर्ध्या तासाची एक बैठक घेतली, तर त्यांतील बहुतेकांचा पाया घातला जातो. प्रत्येकाला किती वेळ खेळायला मिळेल, रेषेबाहेर कसे वागावे, तक्रार कोणाकडे करावी, दुखापत झाल्यास कोण काय करील आणि जवळचे रुग्णालय कोणते, हे त्या बैठकीत ठरावे. मुलांचे आजार, ॲलर्जी, रक्तगट आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक एका वहीत लिहून ती प्रथमोपचार पेटीसोबत ठेवावी. शक्य असल्यास एखाद्या स्वयंसेवकाने महासंघाच्या प्राथमिक प्रशिक्षक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा आणि किमान दोघांनी प्रथमोपचार शिकून घ्यावेत.

भारतीय फुटबॉल महासंघ दिवंगत खेळाडू पी. के. बॅनर्जी यांचा २३ जून हा जन्मदिवस तळागाळातील फुटबॉलचा दिवस म्हणून साजरा करतो. त्या दिवशी मोठ्या खेळाडूंचे स्मरण होते, ते योग्यच आहे. वर्षातील उरलेल्या दिवशी हा खेळ जिवंत ठेवतात ते पहाटे चेंडूंत हवा भरणारे आणि मैदानावरील काचा वेचणारे स्वयंसेवक, तसेच डबा व पाण्याची बाटली घेऊन येणारे पालक. हंगामाच्या शेवटी त्यांनी गुणतक्त्याच्या आधी उपस्थितीची वही पाहावी. पहिल्या दिवशी आलेली सर्व मुले शेवटच्या दिवशीही तेथे असतील आणि पुन्हा येण्याविषयी विचारत असतील, तर त्यांचे काम चांगले झाले, असे समजावे.